समासासकट

"तात्या, बाई मधी आजारी व्हत्या का?"

साखरबाईनं हे विचारलं तेव्हा तिचं बोट एका ओळीच्या सुरुवातीला थांबलेलं होतं आणि मी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होतो. शनिवार होता, साडेअकरा झाले असतील. बाहेरच्या रस्त्यानं उसाची ट्रॉली माळेगावच्या कारखान्याकडं निघाली होती. ट्रॅक्टरवर कर्णा लावलेला होता, आणि त्यातलं गाणं खिडकीतून आत येऊन निघून जाईपर्यंत मला गप्प बसायला निमित्त मिळालं. गाणं गेलं. साखरबाईचं बोट तिथंच होतं. "हो," मी म्हणालो, "होती जराशी." तिनं 'च्च' केलं आणि मान हलवली. "तरीच. ब्याण्णव पानापातूर दर दोन-तीन पानाआड बोलत्यात. मग एकदम पंचवीस पानं गप. माणूस असं उगं गप बसत न्हाय." एवढं बोलून तिनं बोट पुढं सरकवलं आणि मी वाचू लागलो. पण त्यानंतर माझी दोनदा ओळ चुकली, आणि दोन्ही वेळा तिनंच सांगितली. मी खोटं बोललो होतो. त्या दिवसांत द्वारका ठणठणीत होती. पंचवीस पानं ती गप्प बसलीच नव्हती, तिला मी गप्प बसवलं होतं.

हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर नकलेच्या कारकुनाला शोभायचं नाही. मी मोहनराव. इंदापूरच्या तहसील कचेरीत चौतीस वर्षं नकला केल्या आणि एक्याण्णव साली निवृत्त झालो. आता सत्त्याण्णव चालू आहे. नकला करणं म्हणजे काय, हे लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. जुना कागद समोर ठेवायचा आणि त्याच्यावर जे जे आहे ते ते उतरवायचं. खाडाखोड असेल तर 'येथे खाडाखोड आहे' असं लिहायचं. अंगठा असेल तर कुठल्या हाताचा ते लिहायचं. कागद कसरीनं खाल्ला असेल तर किती ओळी खाल्ल्या तेही लिहायचं. एकदा कुठल्याशा चावडीतून आलेल्या कागदावर मी 'येथे ढेकूण चिरडलेला आहे' असं लिहिलं, तर साहेबांनी मला आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि पोट धरून हसले. पण कागद बदलायला सांगितला नाही. नक्कल झाली की रुजुवात. गेणबा शिपाई मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, मी नक्कल धरून ओळीओळीला 'बरोबर' म्हणायचो. बरोबर म्हटल्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही, हा नियम. मृत्युपत्रासारखा नाजूक कागद असला तर उलटी रुजुवात पण घ्यायची. म्हणजे गेणबानं नक्कल वाचायची आणि मी मूळ धरून बरोबर म्हणायचं. गेणबा वीस वर्षं सगळं एकाच सुरात वाचत आला. खरेदीखत असो, वाटणीपत्र असो, एखाद्या बाईनं नवऱ्याविरुद्ध केलेला अर्ज असो, त्याचा सूर हलला नाही. आणि आमच्या धंद्यात तेच खरं कसब. अक्षर बघायचं, अर्थात शिरायचं नाही. अर्थात शिरलं की मन पुढं पळतं आणि हात स्वतःच्या मनाचं लिहितो. हे मी नव्या पोरांना शिकवायचो, आणि मला त्याचा अभिमान होता.

घरी आमचं दोघांचंच. मुलगा अविराज पुण्याला नोकरीला. द्वारका, म्हणजे माझी मंडळी, निमगाव केतकीच्या माळ्यांची, पानमळ्यात वाढलेली, सातवी पास. तिला वाचायचा नाद होता. आठवडी बाजारातनं भाजीच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली एखादं जुनं पुस्तक यायचं. मागच्या दाराशी उन्हाला बसून शेंगा सोलता सोलता ती वाचायची, हे मी बघितलेलं आहे. बघितलेलं आहे म्हणजे एवढंच, की दाराशी कुणीतरी बसलेलं आहे आणि मांडीवर काहीतरी उघडं आहे. पंच्याण्णव साली ती गेली. कपाटात सतरा पुस्तकं राहिली. अविराज म्हणाला, बारामतीत अंधांसाठी पुस्तकं छापतात, त्यांना देऊन टाका. मी पिशवी उचलून गेलो. दोन खोल्यांची संस्था होती ती. आतल्या खोलीत ब्रेल छापायचं यंत्र, मळणी चालल्यासारखा आवाज. बाहेरच्या खोलीत रतन नावाची मुलगी कॉम्प्युटरवर मराठी पुस्तकं टाईप करत होती, तेच पुढं यंत्रात जाऊन जाड कागदावर टिंबं उठायची. संस्था चालवणाऱ्या संजीवनीताईंनी मला चहा दिला, काय नोकरी केली विचारलं, आणि मी 'नक्कल' म्हटल्याबरोबर त्यांनी एक टाईप केलेला गठ्ठाच माझ्यापुढं ठेवला. पहिल्या पानावर मला अकरा चुका दिसल्या. तेव्हापासून दर शनिवारी मी इंदापूरहून बारामतीला येतो. आठवडाभर घरी टाईप केलेली पानं मूळ पुस्तकाशी ताडून बघतो, लाल शाईनं दुरुस्त करतो. ती रतन सुधारते. मग ब्रेलची पहिली प्रत निघते आणि तिची साखरबाईबरोबर रुजुवात होते. मी मूळ वाचतो, ती टिंबांवरनं बोट फिरवते आणि म्हणते, बरोबर. मला पगार नाही, साखरबाईला आहे, आणि साहेबीण तीच आहे.

साखरबाई चाळिशीची आहे. अंथुर्ण्याच्या धनगरांची. घरची मेंढरं कधीच गेली, आता भाऊ बिरू ऊस करतो. आठव्या वर्षी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. तोंडावर वण आहेत, आवाज मात्र असा की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघेल. पहिल्याच दिवशी मी तिला अहो-जाहो केलं तर म्हणाली, "तात्या, तुमी-बिमी नगा म्हणू. आमच्याकडं मेंढराला जेवढा मान तेवढाच मला पुरं." पुण्याच्या अंधशाळेत शिकून आली, पण बोली तिनं बदलली नाही. पुस्तकातलं वाचताना मात्र अक्षर न् अक्षर पुस्तकातलं. दर शनिवारी काम सुरू करण्याआधी ती मला एक प्रश्न विचारते. इंदापूरची एसटी अंथुर्ण्यावरून येते, तर, "आज अंथुर्ण्याला काय दिसलं?" पहिल्या वेळी मी म्हणालो, काही नाही, स्टँडवर माणसं होती. "किती? काय करीत व्हती? चिंच हाय का अजून?" मला एकही उत्तर देता आलं नाही. चौतीस वर्षं कागदावरचा ढेकूण न सोडणारा माणूस मी, मला चिंच दिसली नव्हती. पुढच्या शनिवारी खिडकीची जागा धरली. चिंच होती. तिच्याखाली एक म्हातारा फेटा सोडून परत बांधत होता. ते सांगितलं तर साखरबाई एवढी खूश झाली की रुजुवात अर्धा तास उशिरा सुरू झाली.

द्वारकेच्या पुस्तकांतलं जे पहिलं घेतलं ते एका बोटीवरच्या डॉक्टरनं लिहिलेलं प्रवासवर्णन होतं. आत पहिल्या पानावर द्वारकेचं नाव, 'इंदापूर, १९८८'. टाईप करताना रतननं फक्त छापील मजकूर घेतला होता. मी घरी ताडायला बसलो आणि तिसऱ्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीनं बारीक अक्षर दिसलं. 'सगळीकडे पाणी आणि प्यायला मोजून. आमच्या नळासारखंच.' अक्षर मला ओळखीचं होतं, वाणसामानाच्या यादीचं. यादीखेरीज त्या अक्षरात काही लिहिलेलं मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. हात आपोआप चालला. मी लाल शाईनं प्रूफावर लिहिलं, 'समासात, शिसपेन्सिलीने', आणि मजकूर उतरवला. कागदावर जे आहे ते उतरवायचं. सतराव्या पानावर डॉक्टर बोटीवरच्या जेवणाचं सांगतो, तिथं, 'नुसता बटाटा किती दिवस खाणार. मेथी पाठवावी वाटते.' एकेचाळिसाव्या पानावर एक खलाशी तापानं मरतो, तिथं, 'याच्या आईला कोण कळवणार.' सहासष्टाव्यावर, वादळात आपण शांत होतो असं डॉक्टर म्हणतो, तिथं, 'डॉक्टरसाहेब, खोटं बोलताय. घाबरला होता तुम्ही.' मी सगळं उतरवत गेलो आणि रतन सगळं टाईप करत गेली. तिला वाटलं, समासातलंही घ्यायचं ठरलंय.

संस्थेत ही गोष्ट फुटली ती साखरबाईच्या बोटाखाली. तिसऱ्या पानावर ती थबकली, परत मागं गेली, आणि मोठ्यानं हसली. "ह्या कोण बाई मधीच बोलत्यात?" मी म्हणालो, माझी मंडळी. चूक झाली, काढून टाकतो. तर तिनं कागदावर दोन्ही हात पालथे टाकले, कुणी ओढून नेईल म्हणून टाकावेत तसे. "हात लावू नगा, तात्या. आमाला पुस्तक मिळतं ते धुतल्यागत. कुणी उघडलंच न्हाय असं. डोळसांचं पुस्तक दहा हातांतनं जातं, कुणी रेघ मारतं, कुणी काय लिवतं. मी जन्मात पैल्यांदा कुणाच्यातरी मागनं वाचतीया." संजीवनीताईंना बोलावलं. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "काका, ठेवायचं तर सगळं ठेवायचं, नाहीतर काहीच नको. आपल्या वाचणाऱ्याला मूळ उघडून बघता येत नाही, म्हणून आपल्यावर दुप्पट भार आहे. पुस्तक संपलं की पहिल्या पानावर लिहायचं, समासातील हस्तलिखित मजकुरासह मूळबरहुकूम. खाली तुमची सही. मग बारा प्रती काढू, अंधशाळांना पाठवू." मी मान हलवली. मूळबरहुकूम! हा माझ्या आयुष्यातला सर्वांत आवडता शब्द. तेव्हा घरी माझं ताडणं नव्वदाव्या पानापर्यंत आलेलं होतं.

आणि पुढच्याच आठवड्यात चौऱ्याण्णवावं पान आलं.

साखरबाईनं प्रश्न विचारला त्या शनिवारी पुस्तक संपत आलं होतं. मी निघताना संजीवनीताईंनी आठवण करून दिली, "पुढच्या शनिवारी सही, काका." साडेतीनच्या एसटीत बसलो. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन. खिडकीची जागा होती, पण मला काही दिसत नव्हतं. मांडीवरच्या पिशवीत पुस्तक. चौऱ्याण्णव, एकशे एक, एकशे सात, एकशे तेरा. चार ठिकाणचा मजकूर मी सोडला होता. चौऱ्याण्णवावर द्वारकेनं लिहिलं होतं, 'यांनी एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही, काय वाचतेस म्हणून.' बस्स. पेन्सिलीला टोक काढून लिहिल्यासारखं स्वच्छ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सवयीनं लाल पेन उचललं, 'समासात' एवढं लिहिलं, आणि पेन खाली ठेवलं. मला वाटलं, हे पुस्तकाबद्दल नाही. हे घरातलं आहे. हे साखरबाईनं कशाला वाचायचं, आणि नागपूर-कोल्हापूरच्या अंधशाळेतल्या पोरांनी कशाला वाचायचं? 'समासात' हा शब्द मी खोडला. मग पुढची तीन सोडणं जड गेलं नाही. पहिलं सोडलं की पुढचं सुटत जातं, हे मला माहीत नव्हतं, कारण पहिलं मी कधी सोडलंच नव्हतं.

एकशे एकवर होतं, 'आज मुद्दाम पुस्तक उघडं टाकून पाणी भरायला गेले. येऊन बघते तर पानावर यांचा चष्मा ठेवलेला.' रविवारी सकाळपासून मी तो दिवस आठवायचा प्रयत्न करत होतो. मला एकोणीसशे एकसष्टच्या नकलेतला कळंबच्या एका माणसाचा गट नंबर आठवतो. गेणबाच्या मुलीच्या लग्नात वाढप्याचं नाव काय होतं ते आठवतं. हा दिवस आठवेना. मी चष्मा टेबलावर ठेवला, कॉटवर ठेवला, खिडकीत ठेवला, हाताला काही आठवतंय का बघितलं. उघड्या पुस्तकावर ठेवून बघितला तेव्हा मात्र तो पानांमधल्या खळगीत बरोबर बसला. मी नक्की ठेवला असणार. माझ्यासारखा माणूस चष्मा मऊ जागी ठेवतो, काच घासू नये म्हणून. खाली बायको काही वाचत होती ही गोष्ट माझ्या हिशेबी उशीसारखीच. आणि ती बिचारी तिकडं नळाखाली हंडा भरत उभी, कान घराकडं लावून. मग आल्यावर तिनं काय केलं असेल? चष्मा उचलून बाजूला ठेवला असेल, पेन्सिल घेतली असेल. भांडली नाही. भांडली असती तर मी ऐकलं असतं, नक्की ऐकलं असतं. निदान असं मला आज वाटतं.

त्या डॉक्टरचा मला राग येऊ लागला होता, हेही सांगून टाकतो. मेलेला असेल तो केव्हाच. पण ही बाई त्याला डॉक्टरसाहेब म्हणते, त्याला मेथी पाठवावी म्हणते, त्याचं खोटं पकडते. माझं खोटं पकडायला तिला कधी संधीच मिळाली नाही, कारण मी तिच्याशी खोटंसुद्धा बोललो नाही. आम्ही बोलत होतो ते नळाचं, गिरणीचं, अविराजच्या फॉर्मचं. संसार चांगला झाला आमचा. कुणालाही विचारा. मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, आजारपणात तिची सगळी औषधं वेळेवर दिली, वेळा कागदावर लिहून ठेवून. माझा जीव होता तिच्यावर. हे मी तिला म्हटलं नाही, पण होता. आणि तिचाही होता, नाहीतर उघडं पुस्तक टाकून कोण जातं? एकशे सातवर लिहिलं होतं, 'वाचता वाचता मोठ्यानं हसू आलं. यांनी मान वर केली. वाटलं, आता विचारतील. म्हणाले, दूध उतू जातंय.' हे वाचून पहिल्या वेळीसुद्धा मला हसू आलं होतं. दूध जातच असणार उतू. मी काही खोटं बोलणारा नाही.

चौथं, एकशे तेराव्या पानावरचं, मी आठवडाभर उघडलं नाही. एकदाच वाचलं होतं, तेवढं पुरे होतं.

बुधवारी दुपारी मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचली याची लाज मला अजून वाटते. सुट्टीत आलेला अविराजचा मुलगा एक खोडरबर विसरून गेला होता, संत्र्याच्या वासाचा. मजकूर शिसपेन्सिलीचा होता. पुसला, की नक्कल आपोआप मूळबरहुकूम. सही करायला हात मोकळा. कचेरीत कुणी असं केलं असतं तर मी स्वतः त्याच्याविरुद्ध अहवाल लिहिला असता. मी चौऱ्याण्णवावं पान उघडलं आणि 'यांनी' या शब्दावर रबर फिरवला. जुन्या कागदावरचं शिसं लवकर जात नाही, पसरतं. शब्द गेला नाही, मळका झाला, आणि घरभर संत्र्याचा वास सुटला. मी फुंकर मारली. रबराची काळी वळवटं उडाली, त्यातली दोन माझ्या सदऱ्यावर पडली. ती मी बोटानं उचलली आणि कुठं टाकावीत ते मला समजेना. द्वारकेच्या अक्षराचा तेवढा भाग आता त्या वळवटांत होता. शेवटी कागदाच्या पुडीत बांधून कपाटात ठेवली. म्हातारपणी माणूस काय करील सांगता येत नाही. दुसरा रस्ता होता तो सरळ होता. संजीवनीताईंना सांगायचं, घरच्यांची हरकत आहे, समासातलं सगळं काढा. त्यांनी एका शब्दानं विचारलं नसतं. नुसतं डॉक्टरचं पुस्तक गेलं असतं, धुतल्यासारखं. नळ गेला असता, मेथी गेली असती, खलाशाच्या आईची आठवण काढणारं माणूस गेलं असतं. साखरबाईला काय सांगायचं? की बाई आजारी होत्या त्या पुढं गेल्याच?

दोनदा मारायची का तिला मी?

शनिवारी एसटीत अंथुर्ण्याला मुद्दाम उजव्या बाजूला बसलो. चिंचेखाली दोन बायका, दगडावर गाठोडं, एकीच्या हातात उसाचं कांडं, दुसरी तिला काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता स्वतःच हसत होती. काय सांगत होती ते कळायला मार्ग नव्हता, एसटी थांबली तेवढा वेळ मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. बारामतीत खोलीवर पोचलो तेव्हा साखरबाई माझ्या चपलांचा आवाज ऐकून सरसावून बसली होती. "आज काय दिसलं?" मी सांगितलं. तिनं हसणाऱ्या बाईचं दोनदा सांगायला लावलं. मग तिनं शेवटचे कागद पुढं ओढले आणि मी म्हणालो, "थांब. साखरबाई, बाई आजारी नव्हत्या."

तिनं नुसता चेहरा माझ्याकडं वळवला.

"चार ठिकाणचं मी गाळलं. माझ्याबद्दल होतं."

"वंगाळ व्हतं?"

"नाही," मी म्हणालो. "वाईट शब्द एक नाही."

"मंग?"

मी पिशवीतून पुस्तक काढून पुढ्यात ठेवलं. आतल्या खोलीत यंत्र सुरू होतं. ते थांबेपर्यंत साखरबाईनं वाट बघितली. मग उठली, भिंतीला हात लावत कपाटापाशी गेली आणि ब्रेलची पाटी, टोचणी आणि एक जाड कागद घेऊन आली. कागद पाटीत अडकवून म्हणाली, "सांगा. मी उतरवती. रतन मागनं बघंल." मी पुस्तक उघडलं. वाचायला तोंड उघडलं आणि गेणबासारखा सूर लावायचा प्रयत्न केला, तो लागला. चौऱ्याण्णवावरचं सांगितलं. टोचणी टक टक चालली. ती थांबल्यावर मी म्हणालो, "पुढं लिही. येथे पहिल्या शब्दावर खोडरबराने पुसल्याची खूण आहे."

"कुणी पुसलं?"

"मी. बुधवारी."

टोचणी हवेत राहिली. "हे बी लिवायचं?"

"कागदावर आहे ते लिहायचं," मी म्हणालो. तिनं ते टोचलं. एकशे एकचं सांगितलं, तेव्हा तिच्या कपाळावर आठी पडली. एकशे सातला, दुधाला, ती खुदकन हसली आणि लगेच ओठ दाबून धरले. मी म्हणालो, हस, तीही हसलीच होती. एकशे तेरा सांगताना गेणबाचा सूर सुटला. तीन वाक्यं होती, मला ती तीन वेळा थांबून सांगावी लागली. साखरबाईनं घाई केली नाही. शेवटचं टिंब टोचून तिनं टोचणी खाली ठेवली, कागद पाटीतून सोडवला, टिंबं वर यावीत म्हणून उलटा केला आणि त्यावरनं तळहात फिरवला, लहान पोराच्या पाठीवरनं फिरवतात तसा. म्हणाली, "झालं. आता रुजुवात कशी घ्यायची? नक्कल मीच केलीया."

"उलटी घ्यायची. तू वाच. मी मूळ धरतो."

मी पुस्तक दोन्ही हातांत धरलं. साखरबाईनं बोट ठेवलं. आणि त्या खोलीत, भर दुपारी, एका बाईच्या आवाजात, जो रस्त्यापलीकडं ऐकू जातो अशा आवाजात, ती वाक्यं पहिल्यांदा मोठ्यानं बोलली गेली.

"पान चौऱ्याण्णव. यांनी एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही, काय वाचतेस म्हणून."

"बरोबर."

"येथे पहिल्या शब्दावर खोडरबराने पुसल्याची खूण आहे. पुसणारा, नकलेचा कारकून."

नकलेचा कारकून हे मी सांगितलं नव्हतं, तिनं स्वतःहून घातलं होतं. "बरोबर," मी म्हणालो.

"पान एकशे एक. आज मुद्दाम पुस्तक उघडं टाकून पाणी भरायला गेले. येऊन बघते तर पानावर यांचा चष्मा ठेवलेला."

"बरोबर."

"पान एकशे सात. वाचता वाचता मोठ्यानं हसू आलं. यांनी मान वर केली. वाटलं, आता विचारतील. म्हणाले, दूध उतू जातंय."

"बरोबर."

"पान एकशे तेरा. जाऊ दे. दिवसभर लोकांचे कागद वाचून डोळे दुखतात यांचे. रिटायर झाल्यावर विचारतील."

एक्याण्णवला मी रिटायर झालो. पंच्याण्णवला ती गेली. मधली चार वर्षं आम्ही दोघं त्या घरात होतो, दिवसभर, समोरासमोर, ती मागच्या दाराशी आणि मी कॉटवर. माझे डोळे दुखत नव्हते. मला साखरबाईला सांगायचं होतं की हे चूक आहे, बाईचा अंदाज चुकला, हे असं राहू देऊ नको. पण मूळ माझ्या हातात होतं आणि त्यात तसंच लिहिलेलं होतं, माझ्यावरच्या विश्वासानं, वाणसामानाच्या यादीच्या अक्षरात. साखरबाई ओळीच्या शेवटी बोट ठेवून थांबली होती. पुढं जात नव्हती. मीच तिला शिकवलं होतं, म्हटल्याशिवाय जायचं नाही.

"तात्या?" ती हळू म्हणाली.

"बरोबर," मी म्हणालो.